मेसचं बिल तिसऱ्याच माणसानं भरलं. घ्यायला नको होतं का?

खानावळवाली_काकू | 9 ऑक्टोबर 2024, रात्री 11:40

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज विषय वेगळा आहे.

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. नाव सांगणार नाही, तुम्हीही ओळखायला जाऊ नका. घराच्या वरच्या मजल्यावर चार खोल्या मुलींना दिल्या आहेत, खाली मेस चालवते. एका कॉटचे 1,200, दोन वेळच्या जेवणाचे 2,600. मुली सगळ्या आसपासच्या खेड्यांतल्या. कुणी डी.फार्म.ला, कुणी बी.एस्सी.ला, दोघी पोलीस भरतीच्या, त्या पहाटे साडेचारला मैदानावर जातात.

त्यातल्या एकीचे, वय वीस, जुलै ते सप्टेंबर तीन महिने थकले होते. मी दोनदा आठवण केली. "काकू, बाबांचं सोयाबीन निघालं की देते" म्हणाली. परवा संध्याकाळी पोळ्या लाटत होते आणि काउंटरवरचा तो बोलका डबा बोलला, अकरा हजार चारशे रुपये मिळाले. पिठाच्या हातानं फोन उघडला. पाठवणाऱ्याचं नाव गावातल्या एका कृषी केंद्रवाल्याचं. पंचेचाळिशीचा माणूस, बायको आहे, मुलगा दहावीला.

ती जिन्यात उभी होती. मी वर पाहिलं, तिनं पायरीकडे. रात्री नेहमीच्या तीन पोळ्यांऐवजी दोनच घेतल्या आणि ताट स्वतः घासून ठेवलं. आमच्याकडे ताट घासायची पद्धत नाही.

पैसे मी ठेवून घेतले. खोटं कशाला बोलू, त्यातले सहा हजार तासाभरात किराणावाल्याला वळते केले, माझीही उधारी होती. पण तेव्हापासून झोप नाही. मी घ्यायला नको होतं का? आणि तिच्याशी बोलावं तर कुठून सुरुवात करावी?

सावजी_रस्सा | 9 ऑक्टोबर, 11:52

2,600 मध्ये दोन वेळ? काकू, पत्ता द्या, मी भरतीची तयारी सुरू करतो.

(माफ करा, वरचं अर्धवट वाचून टाकलं. आता पूर्ण वाचलं. चूप बसतो.)

बोंडअळी | 10 ऑक्टोबर, 7:15

काकू, तुम्ही भोळ्या आहात. पोटासाठी वगैरे काही नसतं आजकाल. पोरींना रीलसाठी कॅमेऱ्याचा फोन पाहिजे, दर शनिवारी पार्लर पाहिजे. बापाला सांगता येत नाही, मग असा एखादा गाठतात. आमच्या कॉलेजसमोर रोज बघतो. ताळी एका हाताने वाजत नाही.

नर्सबाई_भंडारा | 10 ऑक्टोबर, 8:02

टाळी हो भाऊ, ताळी नाही. आणि तुम्ही रोज कॉलेजसमोर काय करता ते पण सांगा.

तिनं जे घेतलं ते वरण-भात-पोळीचं बिल आहे. 11,400 मध्ये कुठला फोन दिसला तुम्हाला?

बोंडअळी | 10 ऑक्टोबर, 8:10

माझं दुकान आहे तिथं. झेरॉक्सचं.

पऱ्हाटी | 10 ऑक्टोबर, 13:30

मी पाच एकरवाला. वय 33, लग्न नाई, ते मंग सांगतो. पयले एक गोष्ट, जे कोनी पायलीच नाई. महिने पाहा. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर.

जूनमदी सरकी लावाची. बीटीची थैली यंदा 864 रुपयाले. एकरी दोन धरा, दहा थैल्याचे झाले 8,640. डीएपीची बॅग 1,350, पाच बॅगा म्हंजे 6,750. ट्रॅक्टर, निंदण, फवारे अलग. अन् हे सारं कवा? तवाच, जवा पोराईची ॲडमिशन असते. घरात पैसा कवा येते? सोयाबीन दसऱ्या-दिवाळीले, कापूस दिवाळीच्या बादमदी, तूर फेब्रुवारीत. सोयाबीनचा हमीभाव 4,892 हाय, पण बाजारात यंदा चार-सव्वाचार हजाराच्या वर कोनी हात लावून नाई राहिलं.

मेसचं बिल दर महिन्याले, अन् बापाची कमाई वर्षातून दोन डाव. पोळ्याच्या टायमाले बैलाचा साज उधार आनतो आमी. तवा गावात रोख कोनापाशी असते? कृषी केंद्रवाला, दारूवाला, सावकार, अन् पगारवाला. चार घरं. पोट्टी काई बाजारात फिरून माणूस निवडून नाई राहिली. नोटाच चार घरी हायेत.

नर्सबाई_भंडारा | 10 ऑक्टोबर, 13:44

पऱ्हाटी भाऊ, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या धानपट्ट्यात तसंच, फक्त पीक वेगळं. धान विकून बोनस हाती येईपर्यंत पोरीचं अर्धं वर्ष उधारीवर गेलेलं असतं.

सरकारनं यंदा जुलैत मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ केली, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांची. चांगलंच केलं. पण फी माफ झाली, पोट माफ झालं नाही. खोली, मेस, प्रॅक्टिकलची वही, पांढरा कोट, गावी जायचं भाडं (एसटीत निम्मं झालंय तरी), पाळीचे पॅड. हे माफ कोण करणार? लाडकी बहीण 21 च्या पुढं. काकूंची पोरगी वीस वर्षांची. आईला दीड हजार येत असतील तर ते बचत गटाच्या हप्त्यात जातात, मंगळवारी गटवाला दारात बसलेला असतो.

सावजी_रस्सा | 10 ऑक्टोबर, 14:05

आमच्याकडे गुरुवारी बसतो.

खानावळवाली_काकू | 11 ऑक्टोबर, 22:20

सगळ्यांचे आभार. आज बोलले तिच्याशी. गच्चीवर पापड वाळत घालायला बोलावलं. समोरासमोर बसून मला बोलता आलं नसतं, हाताला काम असलं की बरं पडतं.

मी एवढंच म्हटलं, "पैसे परत पाठवू का त्यांना?" ती एकदम घाबरली. "नका काकू. बाबांचं खातं त्यांच्याकडेच आहे." सरकी, खत, फवाऱ्याची औषधं, सगळं तिच्या बापानं त्याच दुकानातून उधारीवर उचललेलं. जूनमध्ये बापासोबत तीच गेली होती, बापाला वाचता येत नाही म्हणून वहीतला हिशोब बघायला. तिथून ओळख. आधी "कॉलेजला कशी जातेस", मग नंबर, मग रोज रात्री "जेवली का".

"तुला आवडतो का गं तो?" असं विचारलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वाईट नाही बोलत. घरी कोणी विचारत नाही ना तसं." आणि थोड्या वेळानं, "पैसे परत गेले तर ते म्हणतील मी अपमान केला. मग बाबांचं खातं मागतील."

पापड तिनं माझ्यापेक्षा सरळ रांगेत घातले. मी काही उपदेश केला नाही. खरं तर सुचलाच नाही.

काळा_डगला | 11 ऑक्टोबर, 23:05

जिल्हा न्यायालयात वकिली करतो, म्हणून कोरडं लिहितो, राग नको.

मुलगी वीस वर्षांची आहे. दोन सज्ञान माणसांच्या संबंधात, पैसे मध्ये आले म्हणून आपोआप गुन्हा होत नाही. अठराच्या आत असती तर संमती वगैरे काही चालत नाही, थेट पॉक्सो (बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा), आणि माहीत असून कळवलं नाही तर कळवणाराच अडचणीत. मेस-होस्टेलवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 69 आहे. लग्नाचं किंवा नोकरीचं खोटं आमिष दाखवून संबंध ठेवले तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. फोटो दाखवून धमकावणं हा वेगळा गुन्हा. तिच्या बापाच्या खात्यावर तो व्याज लावत असेल आणि सावकारीचा परवाना नसेल, तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार होते. बहुतेकांना हा रस्ता ठाऊक नसतो. या प्रकरणात मला खरा दोर तोच दिसतो, पोरीच्या चारित्र्याचा नाही. उधारीचा.

मदतीला 181 ही महिला हेल्पलाइन आहे. पण तिच्या मर्जीशिवाय फोन करून तमाशा करू नका.

निवृत्त_मास्तर | 12 ऑक्टोबर, 6:30

माझी उमेदीची वर्षं यवतमाळ जिल्ह्याच्या सीमाभागात गेली, म्हणून एक भर घालतो. झरी-जामणी तालुक्याचं नाव वर्तमानपत्रात "कुमारी माता" या शब्दांबरोबर किती वर्षं येतंय ते वाचणाऱ्यांना माहीत असेल. कोलाम आदिवासींच्या पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या मुली. येणारे कोण? रस्त्याचे ठेकेदार, ट्रकवाले, व्यापारी, सीमेपलीकडून आलेले. साडी, पैंजण, लग्नाचा शब्द. काम संपलं की माणूस गायब, आणि पोरीच्या कडेवर लेकरू.

त्यावेळी लोक म्हणत, "त्यांच्यात चालतं हो असं." हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत ऐकलेलं आहे, आणि लाज वाटते, ऐकून चहा पीत राहिलेलोही आहे. त्यांच्यात चालत नव्हतं. त्यातल्या कित्येक तर अठराच्याही नव्हत्या, तिथं देवाणघेवाण हा शब्दसुद्धा चुकीचा. काकूंच्या मुलीची गोष्ट तशीच आहे असं मी म्हणत नाही. पण "पोरीच तशा" हे वाक्य दोन्हीकडे एकाच सुरात येतं, म्हणून लिहिलं.

शेवटची_बस | 12 ऑक्टोबर, 23:58

हा आयडी आजच उघडला. वाचून परत बंद करीन कदाचित.

मी आता 22 ची. एसटीचा संप आठवतो का, नोव्हेंबर 2021 ते एप्रिल 2022? मी फर्स्ट इयरला होते, 19 ची. गाव कॉलेजपासून अठरा किलोमीटर. काळीपिवळी एका बाजूचे चाळीस घ्यायची, म्हणजे दिवसाला ऐंशी. घरून मिळायचे पन्नास. मग पायी फाट्यापर्यंत, तिथून कोणाची गाडी मिळते का बघायची. एक जण रोज त्याच वेळी यायचा. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा, पगारदार. आधी आठवडाभर फक्त सोडायचा. एक शब्द जास्त नाही. मग रिचार्ज. मग परीक्षा फॉर्मचे पैसे. मी कधीच मागितलं नाही आणि त्यानं कधीच "याबद्दल हे दे" म्हटलं नाही. म्हणूनच कळत नाही. भाव ठरला असता तर मी नाही म्हणाले असते.

सगळं "राहू दे गं"मध्ये होतं. पैसे परत द्यायला गेलं की "राहू दे गं". असे किती "राहू दे" साचले की नाही म्हणायची सोय राहत नाही, ते आकड्यात नाही सांगता येत.

मैत्रिणींना माहीत होतं. त्या म्हणायच्या "तिचं तो पाहते". आमच्याकडे तेवढाच शब्द आहे, कोणी वाईट नाव नाही घेत. उलट दोघी-तिघींना हेवा होता, कारण माझ्या फोनला नेहमी नेट असायचं आणि सगळ्या हॉटस्पॉट माझंच घ्यायच्या. आणि बोंडअळी दादा, हो, हौसही होती. मला एक निळा ड्रेस पाहिजे होता, त्यानं घेऊन दिला, मला आनंद झाला. हौस फक्त पैसेवाल्यांच्या पोरींनी करायची असं कुठं लिहिलंय?

संप मिटला, बस सुरू झाली. मला वाटलं आता सुटेल. नाही सुटलं. तो स्टँडवर येऊन उभा राहायचा. मी बस बदलली तर फोन, "एवढं केलं तुझ्यासाठी". तेव्हा पहिल्यांदा हिशोब निघाला. त्यानं सगळं लिहून ठेवलं होतं. रिचार्जसकट. 23,000 च्या वर.

आता नागपूरला एका कंपनीच्या गोदामात पॅकिंगला आहे, आठ-आठ तास उभी. पगार फार नाही, पण महिन्याला येतो. काकू, पोरीला एक सांगा, तो वहीत लिहितो का ते बघ म्हणावं.

सावजी_रस्सा | 13 ऑक्टोबर, 0:20

बंद नका करू आयडी ताई.

बोंडअळी | 13 ऑक्टोबर, 9:40

मी वरचं तीनदा वाचलं. मी जे लिहिलं होतं ते सगळंच चूक होतं असं नाही म्हणणार, फोनसाठी करणाऱ्याही मी पाहिल्यात. पण संपाच्या काळात माझ्याच दुकानासमोर पोरी फाट्याकडे चालत जायच्या, उन्हात. गाड्या थांबायच्या. मी बघत होतो आणि मनात "बघा, गाडीत बसली" म्हणत होतो. पायी अठरा किलोमीटर कसं जायचं, हा विचार आला नाही.

झेरॉक्सचे पैसे महिनाअखेर घेतो आता ओळखीच्या पोरींकडून. एवढंच.

नर्सबाई_भंडारा | 13 ऑक्टोबर, 9:51

बोंडअळीनं कात टाकली. (अळी कात टाकते का? कृषीवाल्यांनी सांगावं.)

पऱ्हाटी | 13 ऑक्टोबर, 10:15

टाकते. पन बोंडाच्या आतमदी. एकडाव बोंडात घुसली का मंग फवारा बी लागत नाई. 2017 साली आमी पायलं.

किसुमूकर | 13 ऑक्टोबर, 17:30

मूळचा अमरावतीचा, सध्या केनियात आरोग्याच्या कामात. इकडे या प्रकारावर पंचवीस-तीस वर्षं बरंच संशोधन झालंय, त्यातलं दोन-तीन सांगतो. आफ्रिकेची गोष्ट विदर्भाला जशीच्या तशी लावू नका, इकडे एचआयव्हीचा प्रश्न मोठा होता, म्हणून पैसा आणि अभ्यास दोन्ही आले.

व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी "जाबोया" नावाची रीत आहे. मासे विकणाऱ्या बायकांना चांगली मासळी हवी तर होडीवाल्याशी संबंध ठेवावे लागतात. पैसे वेगळे द्यायचेच, हे वरून. का? होड्या पुरुषांच्या, मासळी कमी, आणि गिऱ्हाइकं जास्त. काही गावांतल्या बायकांनी मदत मिळवून स्वतःच्या होड्या घेतल्या, तेव्हा तिथं हे सुटायला लागलं. प्रवचनं त्याआधीही भरपूर झाली होती.

दुसरं, मलावीतल्या झोंबा जिल्ह्यात शाळकरी आणि तरुण मुलींना व घरच्यांना दर महिन्याला थोडी रोख रक्कम दिली. दीड वर्षानं पाहिलं तर पैसे मिळालेल्या शाळकरी मुलींमध्ये एचआयव्हीचं प्रमाण 1.2 टक्के, न मिळालेल्यांत 3 टक्के. पैसे मिळालेल्यांत वयानं मोठे जोडीदार असण्याचं प्रमाणही कमी होतं. हा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. आणि पश्चिम केनियातल्या शाळांत मुलींना नुसतं हे सांगितलं की मोठ्या वयाच्या पुरुषांत संसर्ग तरुण पोरांपेक्षा किती जास्त असतो. "संबंध ठेवू नका" असं नाही, फक्त आकडे. तर कोवळ्या वयातली गरोदरपणं 28 टक्क्यांनी घटली.

पऱ्हाटी भाऊ महिन्यांचं बोलले तेव्हा मला झोंबाच आठवलं. रक्कम लहानच होती. ती दर महिन्याला यायची, हे मोठं.

पुण्यातली_पुसदकर | 13 ऑक्टोबर, 20:12

विषयाला थोडा फाटा फोडते. आपण सगळे "देवाणघेवाण, देवाणघेवाण" म्हणतोय आणि जणू लग्नात ती नसतेच. माझ्या चुलत बहिणीचं स्थळ आलं तेव्हा पहिला प्रश्न "नोकरी कायम आहे का", दुसरा "पुण्यात फ्लॅट आहे का". मुलगा कसा आहे हा बहुधा सातवा. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा, पण "आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या" हे वाक्य अजून चालू. आईनं जन्मभर ज्याला "चांगलं घर" म्हटलं, पोरगी त्याचाच शॉर्टकट शोधते. तिला शिकवलं आपणच की पैसेवाला पुरुष म्हणजे सुरक्षितता.

पऱ्हाटी | 13 ऑक्टोबर, 21:00

आता सांगतो माह्या लग्नाचं. एकवीस पोरी पायल्या. चहा-पोहे खाऊन खाऊन पित्त झालं. हरेक घरी एकच, "नोकरी?" वावर हाय, ओलीत हाय, ट्रॅक्टर हाय. तरी "नोकरी?" एका पोरीचा बाप तर सोताच शेतकरी. म्हने, "मले माहित हाय ना भाऊ शेती काय असते, म्हनूनच इचारतो."

पयले लय राग ये. आता नाई येत. माह्याच मायनं जन्मभर पैशाले पैसा लावून पायला. तिनं तरी आपली पोरगी शेतकऱ्याले देली असती का? माही बहीण बी नोकरीवाल्यालेच देली ना आमी.

सावजी_रस्सा | 13 ऑक्टोबर, 21:04

बावीसावीला पोहे आम्ही पाठवतो. तर्रीसकट.

पुण्यातली_पुसदकर | 13 ऑक्टोबर, 21:10

नागपूरची तर्री की अकोल्याची? यावर लग्न मोडू शकतं.

संपादक | 14 ऑक्टोबर, 10:00

तर्रीसाठी वेगळा धागा आहे. एका सदस्याने काकूंच्या गावाचा अंदाज बांधून लिहिलेला प्रतिसाद काढला आहे. कृपया ओळख पटेल असं काहीही लिहू नये.

नर्सबाई_भंडारा | 14 ऑक्टोबर, 19:25

काकू, दवाखान्यात मुली येतात, त्यावरून सांगते. "सोड त्याला" म्हणू नका, तुम्ही म्हटलं की ती सोडणार नाही, तुमच्याशी बोलणं सोडेल. विचारायचं ते असं विचारा. फोनचा पासवर्ड त्याला माहीत आहे का? फोटो पाठवलेत का? "नाही" म्हटल्यावर तो एकदा तरी ऐकतो का? तब्येतीचं काही असेल तर घाबरू नको, कोणाला सांगणार नाही म्हणावं, आणि तो शब्द पाळा. खरंच पाळा. गावात गोष्ट दवाखान्यातून नाही, मेसमधून फुटते.

स्वाधार योजनेचा अर्ज पात्र मुलींचा भरलाय का तेही बघा, वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आहे. आदिवासी मुलांसाठी स्वयम आहे. पैसे उशिरा आले तरी येतात.

खानावळवाली_काकू | 6 नोव्हेंबर, 22:45

दिवाळीत मेस बंद होती, म्हणून उशीर.

एक नियम बदलला. भिंतीवर कागद लावलाय: "ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी पैसे कापूस विकल्यावर दिले तरी चालतील. दुसऱ्या कुणाच्या खात्यावरून पैसे घेतले जाणार नाहीत." दुसरं वाक्य लिहायला चार दिवस लागले. तिच्यावर बोट जायला नको म्हणून सगळ्यांनाच लावलं.

किराणावाल्याला सांगितलं, माझंही खातं आता जानेवारीपर्यंत चालेल. तो म्हणाला, "काकू, तुम्ही पण शेतकरी झाल्या का?"

काळा_डगला | 6 नोव्हेंबर, 23:10

काकू, मनापासून कौतुक आहे, पण मेस चालवताय की संस्था? उद्या चौघी पैसे न देता निघून गेल्या तर?

खानावळवाली_काकू | 7 नोव्हेंबर, 6:50

वकीलसाहेब, अकरा वर्षांत दोघीच बुडवून गेल्या, त्यातली एक तहसीलदाराची पुतणी होती.

शेवटची_बस | 7 नोव्हेंबर, 7:30

काकू, तुमच्यासारखी मेस मला मिळाली असती तरी संपात बस नव्हतीच. पण बरं वाटलं.

खानावळवाली_काकू | 19 जानेवारी 2025, 21:15

धागा वर काढते.

आज दुपारी तिचे वडील आले. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या केंद्रावर कापूस दिला होता. हमीभाव 7,521 चा असला तरी ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की घेतच नाहीत, म्हणून पंधरा दिवस घरात पसरून ठेवला, त्यावरच झोपलो म्हणाले. चुकारा खात्यात आला. आधी कृषी केंद्राचं खातं बंद केलं, मग इकडे. खिशातून प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पाचशेच्या नोटा. "बाई, जुलैपासून पोरगी फुकट जेवून राहिली तुमच्याकडे. आज तीन महिन्याचे घ्या. बाकीचे तुरीवर." मोजून 11,400.

मला काय बोलावं सुचेना. ते तीन महिने भरलेले आहेत हे सांगितलं असतं तर "कोणी?" आलंच असतं. ती मागं दारात उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

मी विचारलं, "केंद्राचं खातं पूर्ण बंद? कागद दिला का त्यानं?" त्यांनी दुसऱ्या खिशातून पावती काढली, शिक्क्यासकट. पोरीनं ती हातात घेऊन वाचली. दोनदा वाचली. बाकी: शून्य.

मग मी वडिलांचे पैसे घेतले आणि त्यांना पावती फाडली, जुलै ते सप्टेंबर, त्यांच्या नावानं. पिठलं-भात खाऊन ते साडेतीनच्या बसनं गेले. ती वर न जाता स्वयंपाकघरातच थांबली. मी फोन तिच्यासमोर धरला. म्हटलं, पाठवू? मान हलवली. मग म्हणाली, "थांबा काकू, मी दाबते." ऑक्टोबरात ज्या नावावरून पैसे आले होते त्याच नावावर 11,400. तिनंच बटण दाबलं.

त्याच्या दुकानातही तसलाच बोलका डबा आहे. काउंटरवर, बियाण्याच्या थैल्यांशेजारी. तिनं पाहिलेला.

बोंडअळी | 19 जानेवारी, 21:30

गप्प बसेल का तो?

खानावळवाली_काकू | 19 जानेवारी, 21:41

माहीत नाही. वहीत लिहिलं असेल तर काढेल. वकीलसाहेब, सावकारीच्या तक्रारीचा तो अर्ज कुठं मिळतो ते खाजगीत कळवा. तिनंच विचारलंय.

काळा_डगला | 19 जानेवारी, 21:44

कळवलं.

पऱ्हाटी | 19 जानेवारी, 22:05

काकू, तूर यंदा बरी हाय. शेंगा भरल्या. फेब्रुवारीत बाकीचे भेटतीन तुमाले.